राखणीला ठेवलेली माणसं

चोवीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात ड्युटी एकदाच मिळाली. आसामात पूर पाहिले, काश्मिरात रस्त्यावरचं बर्फ काढलं, राजस्थानात वाळू खाल्ली. पण यवतमाळ जिल्ह्यात वर्दी घालून उभा राहिलो तो फक्त त्या जुलैत. लोक म्हणतात, साहेब, सरहद्दीवरचं काहीतरी सांगा. सरहद्दीवरचं सांगणारे पुष्कळ आहेत. मी हे सांगतो.

मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. इंजिनिअर म्हटलं की गावाकडे वाटतं, पोरगा मोठा साहेब झाला. माझं लग्न जमवताना वडीलधाऱ्यांनी या शब्दाचा भरपूर फायदा घेतला. खरं काम म्हणजे पूल टाकणं, सुरुंग काढणं आणि पूर आला की बोटी घेऊन जाणं. त्या वर्षी आमची कंपनी नागपूरकडच्या छावणीत होती आणि पावसाळ्यापुरता एक फ्लड कॉलम तयार ठेवलेला होता. कॉलम म्हणजे वीस-बावीस जवान, दोन बोटी, दोरखंड, रेडिओ सेट आणि एक अधिकारी. आमचे अधिकारी कॅप्टन मेहरा. वय सत्तावीस. कमी बोलायचे आणि ऐकून घ्यायचे. दोन्ही गुण एका माणसात क्वचित सापडतात.

पूर्वी आमच्याकडे पाऊस झड लावायचा. आठवडाभर भुरभुर चाले, कपडे वाळत नसत, चूल पेटत नसे, पण त्यानं कोणी मरत नसे. आता तो महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग एका रात्रीत सगळं आणून ओततो. त्या जुलैत तेच झालं. संध्याकाळी हुकूम आला, मध्यरात्रीच गाड्या निघाल्या. पांढरकवड्याच्या बाजूला हायवेवर पाणी होतं, ट्रकांची रांग लागली होती, म्हणून आम्ही वर्ध्याकडून आत शिरलो. सकाळी सातला आम्ही ठिकाणावर होतो.

ठिकाण म्हणजे दिग्रसकडच्या भागातलं एक बाजाराचं गाव. नाव लिहीत नाही. त्या वस्तीच्या जागेचा मामला अजून मिटलेला नाही आणि माझ्या लिहिण्यानं कोणाचं नुकसान व्हायला नको.

वस्तीचं नाव नवी वस्ती. ती तीस वर्षांची जुनी होती. वरच्या अंगाला तलावाची मातीची पाळ, खालच्या अंगाला नाला, आणि मधल्या खोलगट पट्ट्यात दीड-दोनशे घरं. ती जमीन कोणी विकत घेतली नसती, म्हणूनच ती गरिबांच्या वाट्याला आली. जिनिंगमध्ये कापूस वेचणाऱ्या बाया, बाजारातले हमाल, बांधकामावरचे मजूर. बरीचशी बौद्ध घरं, थोडी बंजारा, थोडी गोंड. मधोमध जरा उंचावर विहार, तेवढाच एक पक्का. बाकी भिंती कच्च्या विटांच्या, मातीत रचलेल्या. वर टिनं. मे महिन्यात वावटळीनं टिनं उडून जातात म्हणून त्यांच्यावर मोठमोठे दगड ठेवलेले. मला ते दगड बघून घरी आल्यासारखं वाटलं, कारण मी अशाच टिनाखाली वाढलो. यवतमाळात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या झोपड्यांत. उन्हाळ्यात आमच्या घरात भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच अर्धी भाजून निघे, असं आई म्हणायची.

माझ्या बोटीवर नाईक दत्ता खोत होता. कोल्हापूरकडचा, नदीकाठचा. बोटीच्या इंजिनावर त्याच्यासारखा हात कंपनीत दुसऱ्याचा नव्हता. पुराला तो पाव्हणा म्हणायचा. म्हणे, आमच्याकडं दरवर्षी येतोय, जेवून जातोय. माझ्या वऱ्हाडीची तो नक्कल करायचा आणि वाईट करायचा. त्याला चार वर्षांची मुलगी होती आणि गावी तो घर बांधत होता. त्यामुळे त्या काळात तो जिथे जाईल तिथे लोकांच्या भिंती बघत असे. नवी वस्तीतही त्यानं आधी तेच बघितलं.

"पाया न्हाई, उस्ताद," तो म्हणाला. हवालदाराला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. "भिंती जमिनीवर नुसत्या ठेवल्यात."

नाल्याचं पाणी तोपर्यंत खालच्या गल्ल्यांत गुडघाभर शिरलं होतं. तलावाच्या पाळीतून पाणी झिरपायला लागलं होतं आणि त्यासाठी वस्ती रिकामी करायची होती. काम सोपं वाटलं. खोलगट भागात बोटी, बाकी पायी. भोंग्यावरून मराठीत सूचना मी द्यायची, कारण मी इथला. लोक निघालेही मुकाट्यानं. आसामात लोक छपराला धरून बसतात, शिव्या देतात, म्हशीला सोडून येत नाहीत. इथे बाया पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या. मेहरा साहेब खूश झाले. मलाही आपल्या लोकांचा थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही गल्लोगल्ली फिरलो. पद्धत ठरलेली आहे. दार उघडं दिसलं तर आत जाऊन बघायचं. दाराला बाहेरून कुलूप असेल तर हाक मारायची, उत्तर नाही आलं की घर रिकामं समजायचं आणि पुढे जायचं. जम्मूपासून आसामपर्यंत हीच पद्धत. प्रत्येक कुलपापुढे मी हाक मारली. कुठूनही उत्तर आलं नाही. दहाच्या सुमाराला मेहरा साहेबांनी सेटवर मुख्यालयाला कळवलं, "टायगर, टायगर फॉर वन. वस्ती क्लियर. ओव्हर." तिकडून रॉजर आलं.

सगळ्यांना वरच्या शाळेत नेलं होतं. गावातल्या तरुण मंडळानं खिचडी आणली. आमचा चहा झाला. खोत इंजिन पुसत बसला. मी शाळेच्या व्हरांड्यातून चक्कर मारत होतो आणि काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं. भिंतीकडच्या काही बायांनी भांडी आणलेलीच नव्हती.

गरीब माणूस घर सोडतो तेव्हा भांडी घेऊन निघतो. तवा, भाताचा गंज, पिठाचा डबा. घरात दुसरी किमती वस्तू असते कुठे? या बायांजवळ पोरं होती आणि फार तर एखादी पिशवी. म्हणजे यांनी घर सोडलेलंच नव्हतं.

भिंतीला टेकून एक चाळिशीची बाई बसली होती. तिच्या पुढ्यात खिचडीचा द्रोण होता. तिनं अर्धी खाल्ली आणि अर्धी नीट दुसऱ्या द्रोणानं झाकून बाजूला ठेवली. मी विचारलं, कोणासाठी. ती म्हणाली, संध्याकाळी खाईन. मग तिनं विचारलं, साहेब, पाणी अजून चढेल का. मी म्हटलं, सांगता येत नाही. दोन मिनिटांनी तिनं पुन्हा तेच विचारलं. तिची डाव्या हाताची मूठ सुरुवातीपासून आवळलेली होती.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"घरी कोन हाय, बाई?"

ती बोलली नाही. आजूबाजूच्या बायाही गप्प झाल्या. ती शांतता मी ओळखली, कारण त्या शांततेत मी लहानाचा मोठा झालो.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. अशा वस्तीत घर ही वस्तू वेगळी असते. ते कागदावर कुठेच नसतं. त्यात माणूस आहे तोवर ते घर, माणूस निघालं की अतिक्रमण. म्हणून घर कधी रिकामं ठेवायचं नाही, हा रिवाज. लग्नाला जायचं असो, मयतीला जायचं असो, एक जण राखणीला मागे ठेवायचा. आणि राखणीला कोण राहणार? ज्याला कामाला जाता येत नाही तो. म्हातारा, लंगडा, आजारी. पोलीस किंवा साहेब लोक बाहेर काढायला आले तर घर बंद दिसावं म्हणून बाहेरून कुलूप लावायचं. आतल्यानं हू की चू करायचं नाही. माझे वडील पायानं अधू होते. सहा-सात वर्षं ते आमच्या घराची राखण करत होते. मी शाळेतून आलो की बाहेरून आईचं नाव घ्यायचो, तेव्हाच ते आतून खोकायचे.

आणि मी सकाळी भोंगा घेऊन कुलपांसमोर ओरडत फिरलो होतो, कोणी आहे का, कोणी आहे का.

मी त्या बाईला एवढंच सांगितलं, "माहा बाप बी राखनीले रायत होता. यवतमाळले."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मूठ उघडली. किल्ली तळहातात रुतून वळ उठला होता. तिचं नाव कमलबाई.

"सासरा हाय," ती म्हणाली. "किसनबाबा. बाजेवर बसून राह्य म्हणलं त्यायले. दुपारलोक पानी उतरते, असं वाटलं."

मग व्हरांडाभर पदरांच्या गाठी सुटायला लागल्या. नऊ किल्ल्या निघाल्या. सगळ्या वस्तीत इतक्याच घरांनी माणूस ठेवला होता, वरच्या ओळीतल्या. खालच्यांनी या वेळी आशा सोडली होती. वरच्या ओळीला पाळ सगळ्यात जवळ.

मेहरा साहेब सेटजवळ उभे होते.

"सर, वस्ती क्लियर नहीं है. अंदर लोग हैं. बाहर से ताला लगा है."

"कितने?"

"नौ."

"क्यों?"

"रास्ते में बताता हूँ, सर."

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. बोटी निघेपर्यंत तलावावर पहाऱ्याला ठेवलेल्या माणसाचा निरोप आला की पाळीतलं झिरपणं वाढलं आहे, पाण्यात आता माती येते आहे. स्वच्छ पाणी झिरपलं तर अजून वेळ असतो. गढूळ आलं की पाळ आतून खायला लागली, हे आम्हाला शिकवलेलं होतं. साहेबांनी हुकूम दिला, वरच्या ओळीचा डावा भाग दुसऱ्या बोटीनं घ्यायचा, उजवा आम्ही, आणि वेळ वाया घालवायचा नाही.

आमच्याकडे कुलूप तोडायचं कटर होतं. ते बघून बाया पाण्यात उतरल्या आणि बोटीला धरून म्हणायला लागल्या, कुलूप तोडू नका. तुटलेलं दार म्हणजे सोडलेलं घर. खोतनं त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. निम्म्या दुसऱ्या बोटीला दिल्या, उरलेल्या वर्दीच्या खिशात घातल्या आणि बटण लावलं. तो म्हणाला, परत कुलूप लावूनच येऊ, काळजी करू नका. तो असल्या गोष्टी मनापासून बोलायचा. माझ्याच्यानं ते झालं नसतं, मी हुज्जत घातली असती.

बोटीत आम्ही तिघं. मी, खोत आणि जवान यादव. गल्ल्यांत सकाळी गुडघाभर असलेलं पाणी आता छातीला लागत होतं आणि त्याला ओढ आली होती. पहिल्या दारापुढे मी आता वेगळी हाक मारली. त्या घरातल्या बाईचं नाव घेतलं आणि म्हटलं, तिनं पाठवलं मला. आतून लगेच टिनावर थाप वाजली. पायानं अधू असलेली एक मुलगी, संगीता, माळ्यावर बसून होती. सकाळी तिनं माझी हाक ऐकली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलू नको म्हणून सांगितलं होतं. तिला घेतली. खोतनं पाण्यात चाचपून कडी बसवली आणि खरोखर कुलूप लावलं. त्याला मी शिवी दिली. तो हसला.

दुसऱ्या घरात अंगावरून वारं गेलेली एक बाई होती. तिला गादीसकट उचललं. तिसऱ्यातल्या आजोबांना ऐकू येत नव्हतं, तिथे खिडकीतून काठीनं त्यांना ढोसावं लागलं. त्या दोघांना आणि संगीताला विहाराच्या गच्चीवर सोडून आलो, मेहरा साहेब तिथे सेट घेऊन उभे होते. मग चौथं घर, तिथे नवरा-बायको दोघंही म्हातारे, एकानं राहायचं तर दोघं राहिले. त्यांना बोटीत घेऊनच आम्ही शेवटच्या घरापाशी आलो. ते कमलबाईचं.

किसनबाबा बाजेवर उभे होते. पाणी बाजेच्या वर आलं होतं, त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. आम्ही दार उघडलं तर ते हलले नाहीत. मी सुनेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, सुनेला सांगा, बाबा घरात आहे.

"बाबा, पाळ फुटून राह्यली. चाला."

"मांगं बी असंच म्हणलं. शाळेत नेलं. चार दिसानं आलो त् घर नोतं. पुरानं नोतं नेलं. मानसायनं नेलं."

ते मोठ्यानं बोलत नव्हते. खरं होतं ते. आमचं घर रिकामं राहिलं असतं तर माझ्या आईच्या बाबतीतही तेच झालं असतं. सेटवर साहेब आमच्या बोटीला विचारत होते, वन अल्फा, सिच्युएशन. मी म्हटलं, एक बाकी, दोन मिनिट. मनात आलं होतं की म्हाताऱ्याला सरळ खांद्यावर टाकावं. पण त्यांनी दोन्ही हातांनी मधली लाकडाची मेढ धरली होती. त्या मेढीवर टिनं होती आणि टिनांवर दगड. ओढाताण केली असती तर सगळं अंगावर आलं असतं.

खोत आत शिरला. पाण्यातून चालत गेला आणि बाजेच्या काठावर बसला. कमरेपर्यंत पाण्यात, पाव्हण्यासारखा.

"बाबा, मी बसतो की. तुमी जावा."

"तू कोन?"

"सरकारी माणूस. सरकारी माणूस बसलेलं घर कोण पाडतंय?"

म्हाताऱ्यानं त्याच्या वर्दीकडे बघितलं. बिल्ल्याकडे बघितलं. त्याला तो मुद्दा पटला. सगळ्या आयुष्यात कोणी सरकारी माणूस त्याच्या घराच्या बाजूनं बसलेला नव्हता. त्यानं मेढ सोडली.

किसनबाबांना उचलून मी बोटीत ठेवलं तेव्हा बोटीची कड पाण्याला टेकायला आली. आधीचे दोघं, बाबा, यादव आणि मी. त्या ओढीत आणखी एक माणूस घेणं शक्य नव्हतं. खोतला ते माझ्याआधी दिसलं होतं.

"सोडून या, उस्ताद. मी हितंच हाय."

"आत बसू नको. दारात उभा राह."

"दिलाय न्हवं शब्द? म्हातारा दिसंनासा होईपर्यंत बसतो. मग दारात येतो."

विहार तिथून हाकेच्या अंतरावर. जाऊन यायला दहा मिनिटं. मी यादवला निघायला सांगितलं. किसनबाबा बोटीत मागे तोंड करून बसले होते. उघड्या दारातून खोत बाजेवर बसलेला दिसत होता. त्यानं हात वर केला. म्हाताऱ्यानंही केला.

आम्ही विहाराला लागलो आणि म्हाताऱ्यांना वर चढवत असतानाच सेट वाजला. "ऑल स्टेशन्स. पाळ टूट गई. सब बोट बाहर. रिपीट, सब बोट बाहर."

मी गच्चीवर साहेबांकडे बघितलं.

"सर, खोत अंदर है."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हुकूम त्यांच्या वरचा होता.

"जाओ," ते म्हणाले.

मी आणि यादव निघालो. अर्ध्या रस्त्यात होतो तेव्हा आवाज आला. वरून, पाळीच्या बाजूनं, ढगांचा नाही, जमिनीतला. मी खोतच्या नावानं हाक मारली. पाणी आलं ते उभं आलं. आमची बोट फिरली, मागे फेकली गेली आणि विहाराच्या भिंतीवर आदळली. यादवनं गच्चीवरून सोडलेला दोर पकडला, मी यादवला. वरच्या ओळीतली घरं माझ्यासमोर गेली. वाहून गेली नाहीत. दमलेलं माणूस खाली बसावं तशी एकेक जागच्या जागी बसत गेली. आधी भिंती विरघळल्या, मग टिनं खाली आली, मग दगडांचा आवाज.

पाणी ओसरेपर्यंत आम्हाला गच्चीवरून हलता आलं नाही. नऊ किल्ल्यांमागचे दहाही जण जिवंत होते, दुसऱ्या बोटीचे आणि आमचे मिळून. किसनबाबा कठड्याला धरून उभे होते. एकदा त्यांनी मला विचारलं, त्या पोराला पोहता येतं ना. मी म्हटलं, येतं.

खोत दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. घर होतं तिथेच, दाराच्या जागेपाशी. म्हणजे तो बाजेवरून उठून दारात आला होता, माझा हुकूम त्यानं पाळला होता. अंगावर टिन, टिनावर दगड. लाइफ जॅकेट घातलेलं. भिंत पडली तर लाइफ जॅकेटचा काय उपयोग? खिशाचं बटण लागलेलं होतं आणि आत किल्ल्या होत्या. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर रडलो. हवालदारानं जवानांसमोर रडू नये असं म्हणतात. म्हणोत.

चौकशी झाली. बोटीचा भार, पाण्याची ओढ, अंतर, सगळं विचारलं. निर्णय योग्य ठरला. मलाही तो योग्यच वाटतो. आजही तीच बोट, तेच पाणी असेल तर मी तेच सांगेन. पण योग्य असण्यानं झोप येते असं नाही.

त्याला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. मानवंदना झाल्यावर त्याच्या वडिलांनी मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे त्याचं नवं घर जोत्यापर्यंत आलेलं होतं. काळ्या दगडाचं जोतं, छातीएवढं उंच. म्हातारा त्यावर हात फिरवत उभा राहिला.

"पाया चांगला घेतलाय त्यानं," ते म्हणाले. पुढे कंपनीतल्या पोरांनी आणि मी ते घर उभं केलं. त्यावर स्लॅब आहे. त्याची मुलगी आता शाळेत जाते.

मी रिटायर होऊन यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहतो. एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे, वर्दी वेगळी, सवयी त्याच. नवी वस्ती परत उभी राहिली, त्याच जागेवर, तशाच भिंतींची. दुसरी जागा कोण देणार? पाळ दुरुस्त झाली, यंदा पक्की केली म्हणतात. किल्ल्यांपैकी एक मी किसनबाबांना नेऊन दिली होती. तिचं कुलूप राहिलं नव्हतं, दार राहिलं नव्हतं. त्यांनी ती नव्या घराच्या मेढीला खिळा मारून टांगली. वर्तमानपत्रात आलेला खोतचा फोटो शेजारी लावला. दिवाळीच्या सुट्टीत मी जातो तेव्हा ती मला दिसते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा इशारा आला. वस्ती रिकामी करा. मी सकाळी टीव्हीवर पट्टी बघितली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेटवर सांगून एसटी पकडली. रस्ताभर मी नावं आठवत होतो, कोणत्या दारापुढे कोणत्या बाईचं नाव घ्यायचं. कटर मिळेल का, दोर कोणाकडे असेल. बसमधल्या माणसानं विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, पाणी किती चढलंय काही माहीत आहे का. त्याला नव्हतं.

वस्तीत पोचलो तेव्हा खालच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी होतं. मी सरळ वरच्या ओळीत गेलो. पहिल्या दाराशी बाईचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर नाही. मग बघितलं, दाराला कुलूपच नव्हतं. दार सताड उघडं, हलू नये म्हणून खाली दगड लावलेला. आत कोणी नाही. भांडी नाहीत. दुसरं घर तसंच. तिसरं तसंच. सगळ्या ओळीत एकही कुलूप नाही आणि एकही माणूस नाही. शेवटच्या घरात मेढीवर खिळा होता, किल्ली होती, फोटो होता. बाज उभी करून भिंतीला लावलेली.

शाळेच्या व्हरांड्यात बायांचा गलका चालला होता. त्यांच्याजवळ तवे होते, गंज होते, पिठाचे डबे होते. किसनबाबा कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी त्यांच्याजवळ बसलो, पँट भिजलेली, दम लागलेला.

"बाबा, राखनीले कोनाले ठेवलं?"

"कोनालेच नाई."

"अन् घर?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं तोंड वळवलं, की याला एवढं साधं कळू नये.

"तो पोट्टा हाय ना तिथं. त्यानं बसतो म्हणलं होतं."

कमलबाईनं मला खिचडीचा द्रोण आणून दिला. या वेळी तिनं कोणासाठी झाकून ठेवली नव्हती.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवरून मी खोतच्या वडिलांना फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं, मोठ्यानं सांगावं लागलं. पाणी किती आहे ते सांगितलं. माणसं सगळी बाहेर आहेत, एकही आत नाही, हे सांगितलं. मग किसनबाबा काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांच्याकडेही पाऊस पडत असावा, फोनमधून त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ड्युटी चालू हाय त्याची," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "चालू आहे."